बघून सांगते

कुणी नुसता आकडा किंवा नुसता वार सांगितला की ताई उजवा हात टेबलावरून उचलायच्या, हवेत तसाच धरायच्या आणि विचारायच्या, "कुणाचा?"

"ताई, आज बेचाळीस आहे म्हणे."

"कुणाचा? नाशिकचा पारा की मालेगावचा?"

"मालेगावचा."

"मग तसं सांग ना. उगाच मला घाम फोडलास."

उत्तर मिळेपर्यंत तो हात खाली येत नसे. शिपाई काका दारातून डोकावून "साडेदहा झाले" म्हणाले, तरी हात वर. "कुणाच्या घड्याळात? साहेबांच्या की भिंतीवरच्या?" आमच्याकडे या दोन घड्याळांत सात मिनिटांचं अंतर होतं आणि हजेरी साहेबांच्या घड्याळावर चालायची, त्यामुळे प्रश्न अगदीच वायफळ नसायचा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सुरुवातीला आपण वैतागतो, आणि मग एक दिवस लक्षात येतं की आपणही घरी आईला "कुणाचा?" असं विचारायला लागलो आहोत.

नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं नर्सिंगचं प्रशिक्षण केंद्र होतं. ताई तिथल्या टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. मी तिथे लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची, नवीनच संगणक शिकलेली, आणि सहा सहा महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलेली. काम काय, तर केंद्राची वेबसाइट करायची. वेबसाइट म्हणजे काय हे साहेबांना माहीत नव्हतं. पण शेजारच्या कॉलेजची झाली होती, म्हणून आपलीही हवी होती.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. पहिल्या दिवशी ताईंनी विचारलं, "कुठून येतेस?" मी म्हटलं, "एकलहऱ्याहून." झालं. त्या दिवसापासून माझं नाव एकलहरे. "काय गं एकलहरे, बस चुकली वाटतं?" "एकलहरे, आज डब्यात मेथी आहे ना? वास आला." माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी पगारपत्रकासाठी सोडून दिलं होतं.

त्यांच्या खोलीत एक टेबल, त्यावर फोनचा बोर्ड, आणि खिडकीला जाळी. वीस वर्षं त्या खोलीत बसून त्या एकच वाक्य म्हणत आल्या होत्या: "थांबा हं, जोडून देते." जोडायचं कुठे, तर प्रवेश विभागाला. प्रवेश विभागात तीन माणसं आणि एक फोन, आणि प्रत्येकाला वाटायचं की दुसरा उचलेल. मग तोच माणूस पुन्हा ताईंना फोन लावायचा. "ताई, कुणी उचलत नाय हो. मी एसटीडीवरून बोलतोय. तुम्हीच सांगा ना."

"मला पाठ असतं गं बरंचसं," एकदा त्या मला म्हणाल्या. "पण ऐकीव सांगायचं नाही, असा माझा नियम आहे. कागदावर काय आहे ते मला बघता येत नाही. मग काय, जोडून देते."

हे त्या हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं.

पुढे अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून त्यांना एक जुना संगणक मिळाला. काळा पडदा, त्यावर फक्त अक्षरं. बरोबर एक बोलका डबा, म्हणजे पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र. डब्याचा आवाज अस्सल विलायती, आणि आपली गावं तो अशी काही उच्चारायचा की पोट धरून हसावं. ताईंनी त्याचं नाव 'गोरा साहेब' ठेवलं. "थांब, गोरा साहेब काय म्हणतो ते ऐकू दे." संस्थेने त्यांना तीन महिने शिकवूनही पाठवलं होतं. मी माझी वेबसाइट इंग्रजीत केली होती, ती त्या संगणकावर उघडून दिली आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "ताई, आता प्रवेशाचं वेळापत्रक तुम्हीच ऐका."

गोऱ्या साहेबाने वाचायला सुरुवात केली. तालुका, अर्जाची मुदत, मुलाखत, वसतिगृह, त्र्यंबक, सोमवार, बुधवार, शुक्रवार, पेठ, सोमवार, गुरुवार, शनिवार, सुरगाणा... एका दमात, न थांबता, सगळे तालुके आणि सगळे वार. ताईंचा हात हवेत गेला तो राहिलाच. "कुणाचा?" विचारायलाही फट मिळेना.

मी ओशाळून म्हटलं, "ताई, माझ्या पडद्यावर छान टेबल दिसतं हो."

"दिसत असेल. माझ्यापुढे कुणी डबा उलटा केलाय. भाजी, वरण, भात, सगळं एकात."

फक्त अक्षरं दाखवणाऱ्या त्या ब्राउझरला टेबल म्हणजे काय हेच कळत नव्हतं. मी हात झटकून मोकळी झाले असते. ताई झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जावक खोलीतल्या टपालाच्या कपाटापाशी न्यायला लावलं. त्या कपाटाला लहान लहान खण होते, आडव्या ओळी आणि उभे रकाने. त्यावरून त्यांनी सावकाश हात फिरवला. "असं आहे होय तुझं टेबल? मग अवघड काय आहे? एकेका घरावर त्याच्या रकान्याची चिठ्ठी लावायची. आधी चिठ्ठी वाचायची, मग आतलं पत्र."

त्यासाठी स्क्रिप्ट लिहायला हवी होती, म्हणजे संगणकाने काय काय करायचं त्याच्या एकाखाली एक सूचना. त्याचं पुस्तक माझ्याकडे होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ते मोठ्याने वाचायचे आणि ताई ब्रेलच्या पाटीवर टोचून टिपणं काढायच्या. टुक टुक टुक. मी कंटाळून एखादा परिच्छेद गाळला की टुकटुक थांबायची. "एकलहरे, मधलं खाल्लंस." कसं कळायचं कोण जाणे. मी मदत केली असं पुढे लोकांना सांगत सुटले, पण खरं सांगायचं तर मी फक्त वाचलं. डोकं त्यांचं होतं.

सहा-सात आठवड्यांनी ती स्क्रिप्ट चालली. सकाळी आल्या आल्या ती वेबसाइटच्या पानाची ताजी प्रत उतरवून ठेवायची. मग ताईंनी तालुक्याचं आणि रकान्याचं नाव टाइप केलं की गोरा साहेब तेवढंच बोलायचा. "त्र्यंबक. मुलाखत. बुधवार." पहिल्यांदा असं नीट उत्तर आलं तेव्हा ताईंचा हात सवयीने वर गेला होता. विचारायला काही उरलंच नाही, म्हणून तो परत खाली आला. मग म्हणाल्या, "चहा सांग गं, माझ्याकडून."

त्या दुपारी निफाडच्या एका बाईंचा फोन आला आणि ताई म्हणाल्या, "थांबा हं, बघून सांगते."

बघून सांगते! पलीकडच्या बाईंना त्यात काहीच वेगळं वाटलं नसणार. मी मात्र दारात उभी होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांचं वाक्य त्या दिवशी बदललं. त्यानंतर दोन वर्षं ताई बघूनच सांगत होत्या. लोक प्रवेश विभाग नको म्हणायचे, "त्या ताईंनाच द्या" म्हणायचे.

त्यांनी माझ्याकडून एक शब्द घेतला होता. "हे बघ, माझी स्क्रिप्ट घरं मोजत चालते. पहिलं घर पहिल्या रकान्याचं, दुसरं दुसऱ्याचं. म्हणून प्रत्येक ओळीत सगळी घरं पाहिजेत. एकच वार चार तालुक्यांना असेल तर चार वेळा लिही. आळस करून घर खाऊ नकोस."

"नाही खाणार, ताई."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते. त्या वर्षी तपासणी समिती यायची होती आणि तिला वेबसाइट दाखवायची होती. मी नुकतंच टेबलातली घरं एकत्र करायला शिकले होते. अर्जाच्या मुदतीच्या रकान्यात सोमवार, सोमवार, सोमवार असं एकाखाली एक लिहिलेलं मला पोरकट वाटायला लागलं. मी ती घरं जोडून टाकली. त्र्यंबक, पेठ आणि सुरगाणा मिळून एकच उंच घर, त्यात मधोमध एकच 'सोमवार'. पडद्यावर फार सुरेख दिसलं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "हं, आता कसं प्रोफेशनल वाटतंय." त्या संध्याकाळी मी घरी तरंगत गेले.

आत मात्र असं झालं होतं की ते जोडलेलं घर त्र्यंबकच्या ओळीत गेलं, आणि पेठ व सुरगाण्याच्या ओळीत एकेक घर कमी झालं.

ताईंना दिलेला शब्द आठवला नाही का? आठवला. उद्या सांगू म्हटलं, आणि उद्या समितीच्या गडबडीत विसरले. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण विसरले नव्हते. सांगितलं असतं तर ताईंनी ते परत पूर्वीसारखं करायला लावलं असतं, आणि ते मला नको होतं.

मंगळवारी पेठ तालुक्यातल्या एका गावाहून फोन आला. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, अर्ज गेला होता, मुलाखतीचं पत्र अजून आलं नव्हतं. मी तिथेच बसून चहा पीत होते. ताईंनी नेहमीसारखं "थांबा हं, बघून सांगते" म्हटलं, दोन शब्द टाइप केले आणि ऐकून सांगितलं, "शनिवारी आहे. सकाळी दहाला. दाखल्यांच्या झेरॉक्स दोन दोन आणा." मग ज्या मास्तरांच्या घरून तो फोन आला होता, त्यांचा नंबरही ब्रेलमध्ये टोचून घेतला. त्या पेठच्या ओळीत एक घर कमी होतं, त्यामुळे पुढचं सगळं एकेक घर मागे सरकलं होतं. मुलाखतीच्या जागी वसतिगृह-प्रवेशाचा शनिवार येऊन बसला होता. पेठची मुलाखत गुरुवारी होती.

शनिवारी बापलेक आले. पहाटेची एसटी धरून नाशिक, तिथून सिटी बसने नाशिक रोड. मुलीने दोन वेण्या घातल्या होत्या, चपला नव्या होत्या, आणि दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी तिने छातीशी धरली होती. यादी आदल्या संध्याकाळीच लागली होती. त्यांना कुणीतरी ताईंच्या खिडकीशी पाठवलं.

"ताई, तुम्हीच सांगितलं व्हतं ना शनवारी?"

"हो. मीच सांगितलं."

"मंग हे म्हणत्यात, गुरवारीच झालं सगळं."

ताईंचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः उठून, भिंतीला हात लावत, त्या दोघांना साहेबांकडे नेलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी दिलं, आणि म्हणाले, "मुलाखत घेणारी माणसं गेली, यादी लागली. आता कुणाची चूक हे कळूनही माझ्या हातात काही नाही. प्रतीक्षा यादीत शेवटचं नाव टाकतो." मुलीने पिशवीतून वहीचं एक पान काढून ताईंच्या हातात दिलं. ताईंना ते वाचता येत नाही हे तिच्या लक्षात आलं नसावं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शनिवार सकाळी १०.'

मी तिथून निघाले, माझ्या संगणकापाशी गेले आणि जोडलेली घरं पुन्हा वेगळी केली. दहा मिनिटांचं काम. मग पाणी प्यायले. मग कुणालाच काही सांगितलं नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटलं तेव्हा ताई म्हणाल्या, "तू हो पुढे. मला थोडं काम आहे."

सोमवारी साहेबांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला. टाइप करायला अर्थातच मी. ताई सांगत होत्या, मी लिहीत होते. "फोनवरून माहिती सांगताना माझ्याकडून वाचण्यात चूक झाली." इथे त्या थांबल्या.

"लिहिलंस?"

"हो."

"चूक कुणाकडून झाली, असं लिहिलंस?"

"माझ्याकडून... म्हणजे तुमच्याकडून."

त्यांचा उजवा हात वर गेला होता. मी टाइपिंगच्या कळांकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने तो हात आपला आपणच खाली आला, टेबलावर पेन चाचपलं, आणि पट्टीच्या कडेने त्यांनी नेहमीसारखी सरळ सही केली.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली की ऑपरेटरने कोणतीही माहिती देऊ नये, फोन फक्त संबंधित विभागाला जोडावा. संगणकावर निळं प्लास्टिकचं आच्छादन पडलं, आणि खोलीतून पुन्हा जुनं वाक्य ऐकू येऊ लागलं. "थांबा हं, जोडून देते." लोक हट्ट धरायचे, "ताई, तुम्हीच बघून सांगा की." त्या म्हणायच्या, "मला नाही हो दिसत." वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, असं शिपाई काका म्हणाले.

मी एक वाक्य बोलले असते तर ते सगळं त्यांना परत मिळालं असतं. चूक पानातली होती, वाचण्यातली नव्हती. पण माझी ऑर्डर सहा महिन्यांची होती, आणि बाबा निवृत्तीला आले होते. कारणं सांगायला बसले तर पानं भरतील. भीती वाटली, एवढंच खरं.

त्यानंतर ताईंना एक नवी सवय लागली. चहाचा कप हातात घेतला की त्या विचारायच्या, "काय एकलहरे, सांगायचंय का काही?" मी सांगायचे. कॉलनीतल्या गणपतीच्या नाटकाचं, मला बघायला आलेल्या मुलाचं, बाबांच्या गुडघ्याचं. त्या ऐकून घ्यायच्या, हसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

पुढच्या वर्षी प्रवेशाचे अर्ज निघाले तेव्हा ताईंनी स्वतःहून त्या पेठकडच्या मास्तरांना फोन लावला. मी समोर होते. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "वैशाखात लग्न झालं म्हणे तिचं." मग अगदी हळू, "सांगायचंय का काही?"

मी म्हटलं, "चहा निवतोय, ताई."

काही महिन्यांनी मला पुण्याला नोकरी लागली. जाताना पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या दिवशी मात्र काही विचारलं नाही.

सहा-सात वर्षांनी मी नाशिकला परत आले. केंद्राला जुनी वेबसाइट नव्या यंत्रणेवर न्यायची होती, म्हणून त्यांनी मलाच बोलावलं. काका अजून होते, आता केस सगळे पांढरे. मी ताईंच्या खोलीकडे वळले तर तिथे झेरॉक्सचं मशीन. काका म्हणाले, "तुम्हाला नाय माहीत? रिटायर झाल्या अन् वर्षाच्या आत गेल्या. लय शांत गेल्या, झोपेतच." मी आल्यावर पहिल्यांदा त्यांनाच भेटणार होते. काय बोलायचं ते बसमध्ये घोकतही आले होते.

त्यांचा संगणक अडगळीच्या खोलीत होता, निळ्या आच्छादनासकट. जुन्या फाइली हव्यात असं सांगून मी तो सुरू करवला. बोलका डबाही जोडला. ताईंची स्क्रिप्ट जागेवर होती. तिच्यात शेवटचा बदल झाला होता त्याची तारीख बघितली. तोच शनिवार. संध्याकाळी सव्वासहा.

शेजारी त्या आठवड्याची, दर सकाळी उतरवलेली पानं होती, माझ्या जोडलेल्या घरांसकट. त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ताईंनी पेठच्या ओळीतली घरं मोजली होती. म्हणजे सोमवारी 'माझ्याकडून चूक झाली' असं मला सांगून लिहून घेताना त्यांना सगळं माहीत होतं. आणि पुन्हा कुणाचं असं होऊ नये म्हणून, जी स्क्रिप्ट तीन दिवसांनी बंद पडणार होती, तिच्यात त्यांनी आणखी चार ओळी घातल्या होत्या. ओळीत घरं कमी असली तर उत्तर द्यायचं नाही, त्याऐवजी काय बोलायचं ते इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलेलं.

मी ते जुनं पान लावलं. पेठ. मुलाखत. एंटर.

गोरा साहेब खरखरला, आणि आपल्या त्या विलायती मराठीत, थांबत थांबत म्हणाला, "एक घर कमी आहे. सांगू नका. एकलहरेला विचारा."

विचारलं होतं ताईंनी. रोज, चहाच्या वेळी विचारलं होतं.